दक्षिणेची भिंत

मानुकाफ्लॅट, मार्लबरो, न्यूझीलंड
९ ऑगस्ट १९६४

श्री. लेनर्ड ट्रेव्हेना यांस,

तुमची माझी ओळख नाही. तुमचे आजोबा सायलस आणि माझे आजोबा जेबेझ सख्खे भाऊ. १८८९ साली सायलस बायको-मुलाला घेऊन समुद्रापार निघून गेले. त्यानंतर आमच्या घरात त्यांचं नाव निघालं ते फक्त घोडीवरून. आमची करडी घोडी त्यांनी नेली, असं मी लहानपणापासून ऐकत आले. हे पत्र घोडीबद्दल नाही.

मी एकतीस वर्षं इथलं पोस्ट सांभाळलं. निवृत्त झाले तरी परगावच्या पत्त्यांची पुस्तकं चाळायची खोड गेली नाही. फ्रीमँटलच्या एका जुन्या पुस्तकात ‘ट्रेव्हेना, गिलावा व चुनाकाम’ असं दिसलं, म्हणून लिहिते आहे.

आमचं जुनं घर मातीचं आहे. दोन खोल्या, वर माळा. १८५७ साली पणजोबा जोसाया ट्रेव्हेना यांनी ते एकट्याने, स्वतःच्या हातांनी बांधलं. या खोऱ्यातलं सगळ्यात जुनं घर. त्यांची अकरा मुलं त्यात नांदली आणि दहा मोठी झाली. माझा जन्मही तिथलाच. आता मी शेजारच्या पत्र्याच्या घरात राहते आणि जुन्या घराची किल्ली माझ्या खिशात असते.

जिल्ह्याला रस्ता सरळ करायचा आहे, आणि सरळ रस्ता आमच्या चुलीवरून जातो. इथलं इतिहास मंडळ घर जपायला तयार आहे, पण अट आहे: मार्चअखेरपर्यंत घर धड उभं दिसलं पाहिजे. दक्षिणेची भिंत, जिला आपल्या दक्षिण गोलार्धात वर्षभर ऊन लागत नाही, ती पोटुशी बाईसारखी पुढे आली आहे. इंजिनियर म्हणतात, जाळी ठोका आणि वर सिमेंटचा गिलावा मारा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

तुम्हाला मातीच्या भिंतीतलं काही कळतं का? मी मदत मागत नाही. ट्रेव्हेना मदत मागत नाहीत. मी फक्त विचारते आहे.

भिंतीचे दोन फोटो जोडले आहेत.

विनिफ्रेड ट्रेव्हेना

—

फ्रीमँटल, पश्चिम ऑस्ट्रेलिया
२४ ऑगस्ट १९६४

विनिफ्रेडबाई,

घोडीबद्दल नाही असं म्हणून तुम्ही पहिल्याच परिच्छेदात घोडी आणलीत. तिचं नाव डचेस. घोड्यांच्या मानाने ती फार जगली आणि ऑस्ट्रेलियाच्या उन्हात सुखाने म्हातारी झाली. आता भिंतीकडे वळू.

सिमेंट लावू नका. मातीची भिंत पाणी पिते आणि ऊन-वारा लागला की सोडते. वरून सिमेंट थापलंत तर प्यायलेलं पाणी आतच कोंडेल. बाहेरून भिंत ठणठणीत दिसेल आणि आतून तिचा चिखल होईल. तुम्हाला पटत नव्हतं ते याचसाठी.

पोट का आलं ते आधी शोधा. जोत्याशी माती साठली आहे का? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं का? मग आसपासच्या मातीची परीक्षा करा. मूठभर माती भिजवून मळा आणि अंगठ्याएवढी जाड वळी करून हातावरून खाली लोंबू द्या. वीतभर लोंबून तुटली तर चांगली. लगेच तुटली तर वाळू जास्त, तुटलीच नाही तर चिकटा जास्त. हाताला कशी लागते ते लिहा. रंग, रूप लिहू नका, त्याने मला काही कळत नाही.

मी चाळीस वर्षं गिलावा केला. मातीचं जे ठाऊक आहे ते आजोबांकडून. ते सांगायचे तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर आपोआप चालायला लागायचे.

लेनर्ड ट्रेव्हेना

—

मानुकाफ्लॅट
२० सप्टेंबर १९६४

लेनर्ड,

जोत्याशी हातभर माती साठली होती. मी ती स्वतः खणून काढली. शेजारीण रिपेका, इथल्या मूळ रहिवाशांतली, कुंपणाला टेकून बघत होती.

“विनी, बटाटे काढते आहेस की पूर्वज?”

“पाणी काढते आहे,” मी म्हटलं.

मग ती आत आली. ओढ्याच्या काठची माती मी वळून दाखवली, तर वळी बोटावरच तुटली. रिपेका हसली. म्हणाली, “तिथली कशाला घेतेस? तळ्यामागच्या टेकडीवरची घे. तुमच्या टॉमसीनला माती कुठली घ्यायची ते माझ्या पणजीने दाखवलं होतं, असं आमच्याकडे सांगतात. तुमच्याकडे नाही सांगत?”

“आमच्याकडे घोडीचं सांगतात.”

टॉमसीन म्हणजे जोसायांची बायको, आपली पणजी. टेकडीवरची माती वीतभर लोंबली. हाताला साबणासारखी लागते, पण बोटांत मागे थोडी रवाळ राहते. हे लिहिणं जमलं का?

मंगळवारी मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष गॉर्डन फेअरली लोकरीचे व्यापारी आहेत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला दोन बोटांत धरून बघायची त्यांना सवय आहे. तुमचं पत्र त्यांनी तसंच धरलं.

“मिस ट्रेव्हेना, हे गृहस्थ समुद्रापलीकडून आपल्या भिंतीवर बोलतायत?”

“त्यांचे आजोबा त्या भिंतीच्या आत वाढले.”

“पण ते घोडी घेऊन गेलेले ना?”

सगळे हसले. मी बसून राहिले. माझे कान तापले होते आणि गंमत म्हणजे मला राग तुमच्या आजोबांचा नाही, फेअरलींचा आला होता.

एक विचारते. फोटोंबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. मी ते ब्लेनम शहरातून माणूस बोलावून काढून घेतले. आणि गवंड्याचं अक्षर इतकं सुबक असतं हेही पहिल्यांदाच पाहते आहे.

विनिफ्रेड

—

फ्रीमँटल
११ ऑक्टोबर १९६४

विनिफ्रेडबाई,

वळीचं वर्णन उत्तम जमलं. ती माती घ्या.

आता कठीण गोष्ट. फुगलेला भाग दुरुस्त होत नाही. छताला खालून टेकू द्यायचा, तुळई धरून ठेवायची आणि भिंत जोत्यापर्यंत उतरवायची. मग नव्याने रचायची. हातभर उंचीचा थर घालायचा, आठवडाभर सुकू द्यायचा, बाजू कुदळीने तासायच्या आणि मग वरचा थर. माती, पेंढा, पाणी, आणि तुडवायला पाय. जितके जास्त पाय तितकी भिंत चांगली. बूट घालून तुडवू नका, खडा कुठे राहिला ते अनवाणी पायालाच कळतं.

आणि एक चूक सुधारतो. जोसाया पणजोबांनी घर एकट्याने बांधलं असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे वेगळं सांगतात. तिथे पोचल्यावर तिसऱ्याच आठवड्यात झाड पाडताना ओंडका त्यांच्या मांडीवर आला. ते हाड नीट जुळलंच नाही. पुढचे पाच महिने ते गाडीच्या फळीवर उताणे पडून होते. भिंती टॉमसीनने उभ्या केल्या. जेबेझ नऊ वर्षांचा, सायलस सात वर्षांचा, आणि तिच्या पोटात पाचवं. ती पुढे आणि मुलं मागे, तिचा परकर धरून गोल गोल चिखल तुडवायचे. जोसाया फळीवरून ओरडायचे, “अजून! अजून मऊ!” आणि ती म्हणायची, “तुम्ही आधी तुमचं हाड मऊ होऊ देऊ नका.”

आजोबा हे सांगताना दर वेळी हसायचे आणि दर वेळी मध्येच थांबायचे.

लेनर्ड

—

मानुकाफ्लॅट
२९ ऑक्टोबर १९६४

श्री. ट्रेव्हेना,

जोसाया ट्रेव्हेना यांचं नाव या खोऱ्यातल्या चॅपेलच्या दगडावर कोरलेलं आहे. त्यांच्या हातांबद्दल या घरात गेली शंभर वर्षं जे सांगितलं जातं, ते खोटं ठरवायला घर सोडून गेलेल्यांचा नातू मला लागत नाही. भिंत उतरवा म्हणता. तुमच्या आजोबांनी घर सोडलं, तुम्ही ते पाडायला सांगता.

मी इंजिनियरांना होकार कळवला आहे. पत्रांबद्दल आभार.

वि. ट्रेव्हेना

—

मानुकाफ्लॅट
१७ जानेवारी १९६५

लेनर्ड,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही.

नोव्हेंबरात जाळी ठोकली आणि सिमेंट मारलं. भिंत इतकी गुळगुळीत दिसत होती की फेअरली तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. नाताळानंतर सहा दिवस दक्षिणेकडून पाऊस आला. सातव्या दिवशी सकाळी मी चहा ओतत होते आणि आवाज झाला. मोठा नव्हता. कुणीतरी थकून खाली बसावं तसा. बाहेर जाऊन पाहते तर सिमेंटचा पापुद्रा एका तुकड्यात अंगणात पडला होता आणि त्याच्यामागे सगळी भिंत खीर होऊन उतरली होती. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसं. टेकू आधीच दिले होते म्हणून छत तरलं. टेकू मी तुमच्या पत्रावरून दिले होते, इंजिनियरांच्या सांगण्यावरून नाही. एवढी अक्कल शिल्लक होती.

मी तिथेच पायरीवर बसले. रिपेका आली आणि शेजारी बसली. म्हणाली, “नेल्सनला जाऊन तुझ्या त्या म्हातारीला विचार.”

ती म्हातारी म्हणजे केझाया, टॉमसीनचं शेवटचं मूल, माझ्या वडिलांची आत्या. त्र्याण्णव वर्षांची आहे आणि वृद्धाश्रमात सगळ्यांना दटावत असते. मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं, “आत्या, घर कुणी बांधलं?”

“आईनं. आणखी कुणी? बाबा तर फळीवर होते.”

“मग आम्हाला कधी सांगितलं नाहीस ते?”

“जेबेझनं सांगू दिलं असतं होय! अगं, बाबांच्या मातीला सगळं खोरं चॅपेलात जमलं होतं. पाद्री म्हणाला, यांनी स्वतःच्या हातांनी घर उभारलं. तर सायलस उठला मधूनच. म्हणाला, ‘माफ करा, घर आईनं बांधलं, ती ही काय समोर बसलीये.’ जेबेझ लाल झाला. बापाची अब्रू शवपेटीसमोर काढली म्हणाला. तिथेच जुंपली दोघांची.”

“आणि टॉमसीन?”

केझाया हसली. तिला दात नाहीत, पण ते हसणं मी विसरणार नाही. “आई मागं न बघता म्हणाली, ‘भिंत उभी आहे ना? मग बसा दोघं खाली.’”

लेनर्ड, केझाया सांगते, सायलस महिन्याभरात निघाले. जेबेझने गाडी द्यायला नकार दिला. तेव्हा टॉमसीनने तबेल्यातून डचेसला स्वतः बाहेर काढलं आणि लगाम त्यांच्या हातात दिला. घोडी तिची होती. पंचाहत्तर वर्षं आम्ही तुम्हाला चोर म्हटलं.

मी तुमची माफी मागते. हे वाक्य लिहायला मला चार कागद लागले.

आता भिंत नाही. मार्चअखेर आहे. मी विचारत नाही, मदत मागते आहे.

विनिफ्रेड

—

फ्रीमँटल
२ फेब्रुवारी १९६५

विनिफ्रेड,

तुझं पत्र मी दोनदा ऐकलं. घरात ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं गेलं. लगाम तिने दिला हे आजोबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांना चोर म्हणवून घेणं चाललं, पण भावाविरुद्ध आईला साक्षीला आणणं नको वाटलं असेल. दोघे भाऊ एकाच मातीचे, हे आता कळतं.

रडणं झालं असेल तर ऐक. पडलेली माती फेकू नकोस. एक पाटीसुद्धा नाही. तिच्यातली जाळी आणि सिमेंटचे तुकडे वेचून काढ, बाकी तिथेच पसर, भिजव, नवा पेंढा घाल आणि तुडव. माती मरत नाही. टॉमसीनने तुडवली तीच माती पुन्हा उभी राहते, ती नवी भिंत नसते. कमी पडेल तेवढीच टेकडीवरून आण.

आठ आठवडे आहेत. पाच थर लागतील. उन्हाळा सरतो आहे तेव्हा पहिला थर याच आठवड्यात. एकटीने करू नकोस. एकटीने करणारे या घराण्यात कुणी नव्हतेच, हे आता आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

आणि ‘तुम्ही’ सोड. मी तुझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा आहे.

लेनर्ड

—

मानुकाफ्लॅट
२८ मार्च १९६५

लेनर्ड,

उभी आहे!

बसून सांगते, कारण उभं राहवत नाही. एकोणसत्तराव्या वर्षी पोटऱ्या इतक्या दुखतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या थराला आम्ही तिघी होतो: मी, रिपेका आणि तिची बहीण. मी चॅपेलात उठून उभी राहिले आणि म्हटलं, मला पाय हवेत. नुसती कुजबुज झाली. पण शनिवारी सतरा माणसं आली, आणि मटण-बटाट्याच्या पॅस्टींचे दोन डबे. पुढच्या शनिवारी एकतीस. मागाहून खुद्द फेअरली आले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. त्यांच्या पिंढऱ्या उजेडात कधी आल्याच नसाव्यात इतक्या पांढऱ्या.

रिपेका त्यांना म्हणाली, “साहेब, नाचू नका. तुडवा.”

“मी तुडवतोच आहे!”

“तुम्ही चिखलाची माफी मागताय असं दिसतंय. टाच घाला, टाच!”

मग ते घामाघूम होऊन माझ्याशेजारी बसले. म्हणाले, “मिस ट्रेव्हेना, घोडीचं जे मी बोललो ते परत घेतो.” मी म्हटलं, “बैठकीत बोललात, बैठकीतच परत घ्या.” त्यांनी घेतलं. इतिवृत्तात आहे.

तिसरा थर घालताना रिपेका मला हळूच म्हणाली, “भिंत तुमची म्हणा खुशाल. टेकडी आमची होती, माती आमची आहे.” तिचा आवाज हसरा नव्हता. मी पाय थांबवले. मग म्हटलं, “हे लिहून ठेवायला हवं.” ती म्हणाली, “हवंच.” आणि पुन्हा तुडवायला लागली.

काल इंजिनियर ओळंबा घेऊन आले. त्यांनी चार ठिकाणी धरला. दोरी भिंतीला समांतर सरळ. “कुणाच्या देखरेखीखाली केलंत?” त्यांनी विचारलं. “माझ्या भावाच्या,” मी म्हटलं. “कुठे आहेत ते?” “फ्रीमँटलला.” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. रस्ता आता वळून जाणार आहे. तसं लेखी मिळालं.

सोबत सहा फोटो आहेत. आणि आता खरं सांग. प्रत्येक वेळी मी फोटो पाठवते आणि तू त्यांचं नावही काढत नाहीस. तुला इतकं सामान्य वाटतं का आमचं घर? राग नाही, पण लागतं मला ते. नोव्हेंबरात घर लोकांसाठी उघडणार आहेत. येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि तोंडावर नावं ठेव.

तुझी बहीण,
विनी

—

फ्रीमँटल
६ एप्रिल १९६५

विनिफ्रेडआत्यांना,

मी बेरिल, लेनर्ड यांची सून. आतापर्यंत तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्र माझ्या हातचं आहे. बाबा सांगतात आणि मी लिहिते. सुबक अक्षराचं श्रेय माझं.

बाबांना दिसत नाही. आठ वर्षांपूर्वी चुना विरवताना पिंप उसळलं आणि दोन्ही डोळे गेले. तुमचे फोटो आले की मी त्यांना सांगते: इथे दार, इथे खिडकी, इथे भेग. ते बोटाने टेबलावर भिंत काढतात. तुम्हाला कळवू नकोस अशी त्यांची सक्त ताकीद होती. म्हणायचे, “आंधळ्या गवंड्याच्या शब्दावर कोण आपली भिंत उतरवेल?”

आणखी एक सांगते आणि मग बोलणी खाते. बाबांनी आयुष्यात मातीची भिंत बांधलेली नाही. सगळं ऐकीव. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याकडून परसात गाडीभर माती टाकून घेतली. तुम्हाला उत्तर पाठवण्याआधी प्रत्येक गोष्ट ते तिथे करून बघत. वळी लोंबवत, पेंढा कमी-जास्त करत, दोरीला धरून अनवाणी तुडवत. शेजारच्या बाई विचारायच्या, “म्हाताऱ्यांचं बरं आहे ना?” मी सांगायचे, “ते न्यूझीलंडला घर बांधतायत.”

तुमचं शेवटचं पत्र मी वाचलं. ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ हे शब्द गाळायचं मनात आलं, पण मी ते वाचले. त्यांनी उत्तर सांगितलं नाही. दोन दिवस परसात बसून आहेत. म्हणून मी स्वतःच लिहिलं.

बेरिल

—

मानुकाफ्लॅट
१५ एप्रिल १९६५

लेनर्ड,

शहाण्या, मी बत्तीस माणसांना ऊन-पावसात तुझ्या शब्दावर चिखलात उभं केलं, त्यात तू आंधळा की डोळस याची कुणी चौकशी केली का? भिंतीनेही केली नाही.

नोव्हेंबरात ये. जहाजाचं विचारून ठेवलं आहे. वेलिंग्टनच्या धक्क्यावर मी येते. मी उंच आहे, आवाज मोठा आहे, चुकायचं काही कारण नाही.

विनी

—

मानुकाफ्लॅट
शनिवार, २० नोव्हेंबर १९६५

प्रिय बेरिल,

लेनर्ड सुखरूप आहे, भरपूर खातो आणि माझ्या चहाला नावं ठेवतो. तुला मागच्या शनिवारचं सांगायचं राहिलं.

चारेकशे माणसं आली होती. केझायाला नेल्सनहून खुर्चीसकट आणली. फलकावरचा पडदा तिनेच ओढला. मजकूर मी लिहिला आहे. मंडळात त्यावर तीन बैठका झाल्या आणि तिन्ही मी जिंकले. तुझ्यासाठी उतरवते:

‘हे घर टॉमसीन ट्रेव्हेना हिने आपल्या जेबेझ व सायलस या मुलांसह १८५७ साली बांधलं. माती या टेकडीच्या मूळ मालकांची, आणि ती कुठली घ्यावी हे त्यांनीच दाखवलं. जोसाया ट्रेव्हेना यांनी पडल्या पडल्या सूचना दिल्या.’

शेवटच्या ओळीवर लोक हसले, आणि केझाया सगळ्यांत मोठ्याने.

भाषणं संपल्यावर मी लेनर्डला दक्षिणेच्या भिंतीशी नेलं. गर्दी आपोआप मागे झाली. त्याने टोपी मला दिली आणि दोन्ही तळहात भिंतीवर ठेवले. मग खालून वर, अगदी सावकाश. इंजिनियरांनी ओळंबाही इतका जपून धरला नव्हता.

“इथे पहिला थर संपला,” तो म्हणाला. “हा चांगला. दुसरा त्याहून चांगला. तिसरा...” त्याचा हात थांबला. “तिसऱ्यात कुणीतरी घाई केलीय.”

“मी!” मागून फेअरली ओरडले. “त्या दिवशी माझा लोकरीचा लिलाव होता!”

“पण धरलंय,” लेनर्ड म्हणाला. मग त्याने गाल भिंतीला लावला, बराच वेळ. मी त्याच्याजवळ उभी राहिले. लोकांकडे पाठ होती ते बरं झालं, कारण माझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा नव्हता. रिपेकाने आमच्या दोघांच्या मध्ये उभं राहून आपल्या भाषेत काहीतरी गायलं, तिच्या घरची चार माणसं तिच्या मागे उभी राहिली, आणि मग सगळे पॅस्टींकडे वळले.

आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र आहे. त्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यातला एक मेंढपाळ आला होता, मॅकॉस्लिन नावाचा. टोपी फिरवत उभा. म्हणाला, “आमच्या आजोबांचं घरही मातीचंच आहे. कोपरा बसलाय. सोमवारी बुलडोझर सांगून ठेवलाय.”

“सोमवारी?” लेनर्ड म्हणाला. “पुढे ढकला.”

“एक आठवडा ढकलतो. त्यात कोण बघणार पण?”

“मी.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. लेनर्डच्या डोळ्यांकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. “ताई, पण यांना...”

“भाऊ,” मी म्हटलं, “यांनी आमची भिंत समुद्रापलीकडून उभी केली. तुमचं घर तर दोन तासांवर आहे.”

त्याचा आठवडा उद्या संपतो. म्हणून लेनर्डने परतीची जागा पुढे ढकलली आहे. आणखी दोन घरांचा निरोप आला आहे, तेव्हा कधीपर्यंत ते विचारू नकोस. त्याचे जुने कपडे पाठव. तू दिलेला चांगला कोट इथे काही उपयोगाचा नाही. आणि जमलं तर तूही नवरा-मुलांना घेऊन ये. माझ्याकडे खोल्या कमी आहेत, पण या घराण्याला दोन खोल्यांत अकरा मुलांची सवय आहे.

उद्या पहाटे रिपेकाच्या गाडीतून आम्ही तिघं निघतो. म्हणजे सत्तर वर्षांत पहिल्यांदा माझं चॅपेल चुकणार. आज मी स्वतः पाद्रीबाबांकडे जाऊन तसं सांगून आले. बिचारे घाबरले. “मिस ट्रेव्हेना, घरात काही अडचण तर नाही ना?”

म्हटलं, “अडचण कसली? घराण्याचं काम आहे.”

तुझी,
विनीआत्या